शेऱ्याचा रकाना

सुकदेव नानांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याला चहाच्या आधी एक परीक्षा द्यावी लागायची. नाव-गाव सांगून झालं की नाना चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "आई कुठली?" ते सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आणि आईची आई?" आजीचं माहेर ज्याला सांगता येत नसे त्याच्याकडे ते असे बघत की तो बिचारा आपण काहीतरी विसरून आलो म्हणून खिसे चाचपू लागे. मी लग्न होऊन जळगावहून धुळ्याला आले तेव्हा शेजारी म्हणून मलाही हे विचारलं गेलं. माझी आजी एरंडोलची. ते ऐकून नाना खूश झाले आणि अक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अहिराणीत म्हणाले, "चहामा आलं टाक. मायनी माय माहीत शे हिले."

नानांची उभी नोकरी साक्री तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेली. गावांमधून त्यांना 'ढोरस्ना डाक्टर' म्हणत. मोटारसायकलच्या मागे नायट्रोजनचा तो दुधाच्या कॅनसारखा डबा बांधायचा, त्यात वळूचं बीज गोठवलेलं, आणि डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत जाऊन गाई भरवायच्या, हे त्यांचं काम. पण त्यांचा खरा जीव रजिस्टरात होता. कोणती गाय, तिची आई कोण, बाप कोण, आईची आई कोण, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात दुधाचं मान, स्वभाव, खोडी, आजार. सरकारला एवढं नको होतं. नाना स्वतःच्या हौसेनं स्टीलच्या पट्टीनं जादा रकाने आखत.

त्या रजिस्टराच्या जोडीला शर्टाच्या खिशात कायम असलेली वस्तू म्हणजे लाल पेन. चुकीची नोंद दिसली की नाना ती लाल रेघेनं खोडत आणि बाजूला बारीक सही करत. एका पुढाऱ्याचा गोऱ्हा प्रदर्शनात उतरवायचा होता आणि त्याच्या बापाचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. कारकुनानं एका नामवंत वळूचं नाव लिहून टाकलं. नानांनी त्या पुढाऱ्यासमोर ते लाल रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं, 'माहीत नाही.' त्यांची बदली होता होता राहिली. मी विचारलं होतं, नाना, लिहू द्यायचं होतं, कोणाचं काय जाणार होतं? ते म्हणाले, "माहीत नाही लिहायला लाज वाटत असेल तर माणसानं रजिस्टरला हात लावू नये. त्या गोऱ्ह्याच्या पोटी उद्या आंधळं वासरू निघालं तर मी कोणत्या गाईला दोष देऊ?"

साक्रीच्या आठवडी बाजारातला किस्सा तर ते दर पाहुण्याला ऐकवत. एक जण कालवड विकायला घेऊन उभा होता. गिऱ्हाइकाला सांगत होता, "लई गरीब शे हो, लहान पोर बी धार काढी." नाना तिथून चालले होते. थांबले, कालवडीच्या मागच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "हिनी माय कोनी?" मग, "आन मायनी माय?" विकणारा चाचरू लागला. नाना म्हणाले, "मी सांगस. हिनी मायनी माय तुना काकानी. तिनी तुना काकाना दोन दात पाडेल शेत, मी तठेच उभा व्हतू." बाजार हसला. कालवड विकली गेली नाही ती नाहीच, पण विकणारा पुढं नानांचा पक्का दोस्त झाला आणि दर दिवाळीला घरी चारोळ्या आणून देऊ लागला. त्या कालवडीनं पुढं खरोखर लाथा मारल्या की नाही, हे मात्र नानांनी कधी सांगितलं नाही.

माझी मुलगी जन्मली तेव्हा नाना बघायला आले. बाळाची टोपी वर सरकवून कान बघितले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "घ्या, तुमचेच कान. आता कुठंही हरवली तरी सापडेल." सासरे आठवडाभर आरशात स्वतःचे कान बघत होते.

असा हा माणूस. तिन्ही पिढ्या विचारणारा. त्यांच्या स्वतःच्या भावाबद्दल मात्र मला त्यांच्या तोंडून कधी कळलं नाही.

कळलं ते अक्कांकडून. उन्हाळ्यात गच्चीवर आम्ही दोघी बिबडे घालत होतो. ज्वारीचा घाटा हातावर घेता घेता अक्कांनी दौलतचा विषय काढला. दौलत म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. तिशीत एकाएकी बोलायचा थांबला. वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसायचा, जेवायला दहा वेळा हाक मारावी लागायची. मग एका सकाळी शेतातल्या विहिरीत गेला. "पाय घसरना असं आम्ही सांगतस," अक्का म्हणाल्या. "घसरना नई, माय." नानांचे एक मामाही असेच घर सोडून गेले होते, परत आलेच नाहीत. हे सांगून अक्कांनी माझ्या हातावर आपला ओला हात ठेवला आणि सुजाताच्या लग्नापर्यंत कोणाला बोलू नको म्हणाल्या. सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी. मी कोणाला बोलले नाही. नर्स आहे मी, पोटात ठेवायची सवय आहे.

नाना निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि दहा दिवसांनी फोन आला की रक्तात हिपॅटायटिस सी निघाला आहे. कुठून आला याचा शोध नानांनी एका मिनिटात लावला. पूर्वी एका म्हशीनं त्यांच्या मांडीत शिंग घातलं होतं आणि तेव्हा रक्त चढवावं लागलं होतं. "म्हशीचं नाव सोनी. तिची काही चूक नाही, तिच्या पारडीला मी हात लावला होता," ते म्हणाले.

हे दहा-बारा वर्षांपूर्वीचं. तेव्हा आजच्यासारख्या तीन महिन्यांच्या गोळ्या आपल्याकडे आल्या नव्हत्या. आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत कॅप्सूल, आणि हे वर्षभर. जळगावच्या एका डॉक्टरीणबाई हा इलाज करत. त्यांची वेळ मिळवून दिली वामनभाऊंनी. वामनभाऊ बोदवडचे, सुजाताचं ज्या मुलाशी जमलं होतं त्याचे काका. कुंकवाचा कार्यक्रम नुकताच झाला होता, नवी सोयरीक होती, त्यामुळे ते हौसेनं जळगावला दवाखान्यात हजर राहिले, फाइल स्वतःच्या हातात धरून. मी नानांसोबत होते, घरची नर्स म्हणून.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाई करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे इंजेक्शन व्हायरसला मारतं, पण काही लोकांचं मनही खचवतं. सगळ्यांचं नाही. कोणाचं खचणार हे थोडंफार वंशातून येत असावं. एकच एक जीन हाती लागलेला नाही, बरेच असतील. आणि आपल्याकडे रक्तात ते बघायची सोयही नाही. म्हणून शेवटच्या पानावरचा हा प्रश्न नीट भरा. आपली तपासणी म्हणाल तर हीच." रक्ताच्या नात्यात कोणी असलं तर काय, हे मीच विचारलं. "मग आधी मनाच्या डॉक्टरांना दाखवू. लागलं तर त्यांचं औषध आधीपासून देऊ. किंवा थांबू. यांचं लिव्हर अजून वर्ष-दोन वर्षं वाट पाहू शकतं."

फॉर्म माझ्या हातात होता. रक्ताच्या नात्यात कोणाला मानसिक आजार, दीर्घकाळ उदासी, आत्महत्या? पुढं तीन चौकोन होते. होय. नाही. माहीत नाही.

नानांनी वामनभाऊंकडे पाहिलं नाही. माझ्याकडंही पाहिलं नाही. टेबलावरच्या काचेकडे बघत शुद्ध मराठीत म्हणाले, "नाही. लिही पोरी, नाही." आणि मी 'नाही'वर खूण केली. खाली 'माहिती भरणाऱ्याची सही' होती, ती केली. मला एक क्षण वाटलं की निदान 'माहीत नाही'वर खूण करावी. पण शेजारी वामनभाऊ बसलेले, आणि नानांसारख्या माणसाला मी चारचौघांत खोटं कसं पाडू? वामनभाऊ बाहेर गाडी बघायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, "सिस्टर, काही राहिलं नाही ना?" मी म्हटलं, नाही मॅडम. तेव्हा खोलीत सोयरे नव्हते. ही गोष्ट मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत असते.

परतीच्या एसटीत पारोळा आलं तेव्हा नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुजातानं लगीन व्हई जाऊ दे. मंग मी सोता सांगसू डाक्टरणले." मी म्हटलं, बरं नाना. लग्न तीन महिन्यांवर होतं. मला ते शहाणपणाचं वाटलं, हे आता लिहितानाही माझे कान गरम होतात.

इंजेक्शनं बर्फाच्या थर्मासमधून आणावी लागत. नाना पहिल्यांदा हसत हसत तो थर्मास मोटारसायकलला बांधून माझ्याकडे आले. "जन्मभर वळूचं बीज गार ठेवत फिरलो, आता स्वतःचं औषध. जनावर बदललं, काम तेच." दर शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या पोटाला सुई द्यायची. सुई देताना ते मला विचारत, आज वॉर्डात कोण आलं, कुठल्या गावचं. रात्री ताप येई, शनिवारी अंग मोडून येई, रविवारी माणूस उभा राही. तिसरं इंजेक्शन, चौथं इंजेक्शन असंच गेलं.

सहाव्या शुक्रवारी त्यांनी काही विचारलं नाही. सातव्या शुक्रवारी आमच्या गल्लीत एक जण नवी गाय घेऊन आला. कोण तो गोंधळ, बायका ओवाळायला उभ्या. नाना ओट्यावर बसले होते. गाय त्यांच्यासमोरून गेली. नानांनी तिच्या आईचं विचारलं नाही. गाय घेणारा थांबला होता हो, नानांनी विचारावं म्हणून थांबला होता. शेवटी बिचारा पुढं गेला. मी हे माझ्या दारातून पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, तापानं अशक्तपणा आलाय.

नवव्या शुक्रवारी अक्का दुपारीच आल्या. दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "वं माय, हाई दौलतभाऊसारखं शे. भितडाकडे तोंड करीसन बसतस. ताट समोर ठेवलं तर ताटले बी पाठ करतस." मी नर्स. वीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. डॉक्टरीणबाईंचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी अक्कांना म्हटलं, "अक्का, लग्नाला तीन आठवडे राहिले. एवढे काढू. आता डॉक्टरांना सांगितलं तर जळगावला जावं लागेल, वामनभाऊ विचारतील कशाला." अक्कांनी मान हलवली, कारण मी शिकलेली होते. संध्याकाळी मी नववं इंजेक्शन दिलं. ते मी जाणून दिलं. त्याच्या पुढची तीनही.

लग्न जळगावला झालं, हॉलमध्ये, दुपारी. बुद्धवंदना सुरू झाली तसे सगळे हात जोडून उठले. त्रिशरण म्हणताना हॉलभर माणसं उभी, आणि पहिल्या रांगेत एक माणूस खुर्चीत बसलेला. त्यांना उठायचं नव्हतं असं नाही. आपल्याभोवती लोक उठलेत हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सुजातानं हार घालता घालता दोनदा वडिलांकडे पाहिलं. वामनभाऊंनीही पाहिलं. फोटोवाल्यानं तेवढं म्हटलं, "नाना, इकडे बघा," आणि नानांनी तिकडे बघितलं.

रात्री सगळे धुळ्याला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अक्कांनी आमचं दार वाजवलं. नाना घरात नाहीत, मोटारसायकल नाही. कुठं शोधायचं हे माझ्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी न थांबता साक्रीकडची, त्यांच्या शेताची वाट सांगितली. म्हणजे मला सगळं माहीत होतं. रस्ताभर मी दुसरा काही विचार केला नाही, एवढाच, की मला माहीत होतं.

नाना शेतातल्या त्याच विहिरीच्या काठावर बसले होते. पाय अनवाणी. चपला काढून शेजारी जोडीनं ठेवलेल्या. मी त्यांचा दंड धरला तेव्हा त्यांनी चपलांकडे बोट केलं आणि म्हणाले, "दौलतन्या चपला बी आठेच व्हत्यात. जोडीनं ठेवेल." मी त्यांना धरून तिथंच बसले. मला रडू आलं, त्यांना नाही आलं. गाडीपर्यंत ते माझ्या नवऱ्याचा हात धरून निमूट चालत आले.

जळगावला माझ्या नवऱ्यानं विहिरीचं आणि नानांच्या तोंडून ऐकलेलं दौलतचं सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं त्याच दिवशी बंद केली आणि मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाना पलंगावर डोळे मिटून पडले होते. बाईंनी जुना फॉर्म काढला, सही बघितली. "हे तुमचं अक्षर. यांच्या भावाचं तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणाले, "नाही मॅडम, आत्ताच कळलं." असं मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. या वेळी लग्नही होऊन गेलं होतं, सोयरेही नव्हते, कोणाची अब्रू राखायची नव्हती. फक्त माझी होती. पलंगावर नानांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटले.

औषधांनी नाना हळूहळू वर आले. पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी गल्लीत भाजीवाली ओरडत होती आणि ओट्यावरून आवाज आला, "आई कुठली गं तुझी?" मी घरात पोळ्या लाटत होते. लाटणं तसंच टाकून मी मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

मन परत आलं, पण इलाज अर्धवट राहिला होता आणि लिव्हर झिजत गेलं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या की पुन्हा ते इंजेक्शन नको, नव्या गोळ्या येतायत, वाट पाहू. गोळ्या आल्या तेव्हा नानांच्या पोटात पाणी झालं होतं. गोळ्यांनी व्हायरस गेला, पण झालेली नासाडी भरून आली नाही. सुरुवातीलाच खरं सांगितलं असतं तर नाना मनाचं औषध घेत घेत इलाज पुरा करू शकले असते. किंवा नुसते थांबले असते, तर निदान त्या विहिरीपर्यंत गेले नसते. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनीही मला एका शब्दानं विचारलं नाही, आणि ज्या माणसानं जन्मभर विचारण्याचं काम केलं त्यानं न विचारणं मला फार जड गेलं.

शेवटचं जे आठवतं ते असं. सुजाता सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती, सोबत वामनभाऊ. नाना अंगणात खाटेवर, डोळे पिवळे, पोट फुगलेलं, हातपाय काटक्या. नातीचे कान बघून झाल्यावर त्यांनी अक्कांना जुनं रजिस्टर आणायला लावलं. मागं कोरी पानं होती. त्यांनी पट्टी धरून स्वतः रकाने आखले आणि पेन माझ्याकडं दिलं. "नातीची नोंद घे. माझ्या हातानं अक्षर येत नाही."

मी लिहू लागले. नाव, माय, बाप, मायनी माय. मग ते म्हणाले, "आता मायचा बाप. सुकदेव. शेऱ्यात लिही, इंजेक्शननंतर मन खचलं, औषधानं वर आलं. त्याचा भाऊ दौलत. शेऱ्यात लिही, मन खचलं, स्वतः गेला." वामनभाऊ समोर खुर्चीवर होते. नाना त्यांच्याकडं सरळ बघत होते. "त्यांचा मामा, तोही लिही."

वामनभाऊंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बापाकडची बाजू कोरी का ठेवता? माझी आई लिहा. दोन वर्षं खोलीबाहेर आली नव्हती. आम्ही दमा आहे म्हणून सांगायचो."

नाना म्हणाले, "त्या दिवशी दवाखान्यात सांगितलं असतंत, भाऊ."

"तुम्ही 'नाही' म्हणालात. मग मी कसं सांगणार होतो?"

यावर नाना हसले. पोटातल्या पाण्यामुळे त्यांना हसताना धाप लागली, तरी हसले, आणि वामनभाऊही हसले. दोघं म्हातारे एकमेकांचे हात धरून हसत होते. मला हसू आलं नाही. जळगावच्या त्या खोलीत डॉक्टरीणबाईंखेरीज आम्ही तीन माणसं होतो आणि तिघांना तिन्ही चौकोन दिसत होते, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

"मंग तो रकाना बी भर, पोरी," नाना म्हणाले. मी भरला. पानाच्या खाली त्यांच्या सवयीप्रमाणे 'नोंद घेणारा' अशी ओळ होती, पुढं शेऱ्याला थोडी जागा. मी सही केली आणि शेऱ्यात लिहिलं, 'नोंद घेणारीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होते.' रजिस्टर नानांच्या मांडीवर ठेवलं.

नानांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. वरपासून एकेक ओळ वाचत आले. मामाच्या नावात माझा एक काना चुकला होता, तो त्यांनी लाल पेनानं दुरुस्त केला, बाजूला बारीक सही केली. मग माझ्या ओळीवर आले. लाल पेन हातात उघडंच होतं. मी त्या पेनाच्या टोकाकडं बघत उभी होते. मला मनातून वाटत होतं, खोडतील. म्हणतील, जाऊ दे पोरी, हे कशाला.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं आणि रजिस्टर मिटलं.